लोखंडी चुलीचं दार

२०१६ च्या थंडीत मी आईसाठी लोखंडी चूल बनवली. तेव्हा मी डहाणूत वेल्डिंगच्या दुकानात कामाला होतो. सायवनच्या घरी आई उघड्या चुलीवर रांधायची आणि दिवसभर खोकायची. धूर थांबवा, नाहीतर हिची छाती कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून जाड पत्र्याची पेटी केली, पुढे बिजागरीचं दार, मागून कौलांच्या वर जाणारा पाइप आणि पाइपात उघडबंद करायची झडप. जीपच्या टपावर बांधून ती घरी आणली, तेव्हा अख्खा पाडा बघायला जमला.

आईने चूल पेटवली. थोड्या वेळाने लाकूड सारायला दार उघडलं, तर आतला सगळा धूर भस्सकन तिच्या तोंडावर आला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! ती खोकत बाहेर पळाली, लोक पोट धरून हसले. मला चुलीपेक्षा त्या हसणाऱ्यांचा जास्त राग आला.

पुढच्या रविवारी पाइप दोन फूट वाढवला. फरक पडला, पण धूर यायचा तो येतच राहिला. मग मी डहाणूहून फोनवर उंटावरून शेळ्या हाकू लागलो. "दार झटकन उघड, झटकन लाव," असं रोज सांगायचो. ते साफ चुकीचं होतं. झटक्याने उघडलं की दाराबरोबर धूरही बाहेर ओढला जायचा.

खरा उपाय आईनेच शोधला. आधी झडप पूर्ण उघडायची. मग दार बोटभर उघडून थांबायचं, म्हणजे आग बाहेरची हवा आत ओढते आणि धूर पाइपाकडे वळतो. त्यानंतर दार सावकाश उघडायचं. लाकूड सुकंच हवं आणि तेही निखारे झाल्यावर सारायचं.

"घरात तान्हं निजलं की दार कसं उघडतोस? तसं उघडायचं," ती मला म्हणाली.

होळीपर्यंत तिचा खोकला बराच उतरला. मी दुकानात येईल त्याला ही गोष्ट सांगायचो, आणि शोध माझाच असल्यासारखी सांगायचो.

पावसाळ्यात एकदा न कळवता घरी गेलो. घर धुराने भरलेलं. चुलीचं दार सताड उघडं, झडप बंद, आत ओला पाला, आणि तोंडाला पदर लावून आई शेजारी बसून खोकतेय. मी तिला ओढत अंगणात आणलं आणि नको तेवढा ओरडलो.

"बियाला भुंगा लागला," ती म्हणाली. "धूरच नाय, तर काय होनार?"

चुलीच्या वर टोपलीत वालाचं बियाणं टांगलेलं असायचं. लग्नात तिच्या आईने झरीहून दिलेलं, तेव्हापासून दरवर्षी पेरून जपलेलं. जुन्या चुलीचा धूर ते राखायचा. मी धूर बंद केला आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"बाजारात वाल मिळत नाहीत काय?" मी म्हणालो.

"माज्या आयशीचं बी बाजारात मिलतं काय?"

मला फार लाज वाटली. टोपली खाली घेतली. निवडून ओंजळभर चांगले दाणे निघाले.

"पण धुरात बसतेस कशाला? बाहेर बस ना."

"दार उघडं टाकून? ठिनगी उडाली तर घर जलंल."

एवढंच ना! पुढच्या रविवारी मी दाराच्या मापाची बारीक जाळी करून आणली. ओला पाला घातला, झडप लावली, दार उघडून जाळी बसवली आणि आम्ही दोघं समोर आंब्याखाली जाऊन बसलो. घराच्या कौलाकौलातून धूर निघू लागला. मग दर रविवारी हेच.

ओंजळभर वाल त्या वर्षी पेरले आणि उगवले. पाडा मात्र पुन्हा हसला: धूर घालवायला चूल आणली, आणि आता मायलेक मुद्दाम घरात धूर करून बाहेर बसतात! या वेळी मला राग आला नाही. आईही हसत होती, चांगली खळखळून, आणि हसताना एकदाही खोकली नाही.