पिकअपची दाढी

आमच्या गिरणीत एक नियम आहे. अण्णांनी पाना हातात घेतला की 'का' म्हणून विचारायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना. अण्णा तेव्हा गिरणीची चांगली चालती मोटर खोलत होते. उत्तर मिळालं, "तू तुझी परीक्षा दे." परीक्षा मी दिली. मोटर अजून खोललेलीच आहे!

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. कर्जतला आमची भातगिरणी आहे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि घरी आले, तर "स्थळ ठरेपर्यंत बस ऑफिसात" म्हणून मला मराठी टाइपरायटरपुढे बसवलं. स्थळं येतात, पोहे खातात, जातात. किस्से मात्र साठत राहतात, गिरणीतल्या तुसासारखे. आज झाडून काढावेत, उद्या पुन्हा तेवढाच ढीग. नुसत्या पिकअपचेच इतके झालेत की ते आधी बाहेर काढते.

*

पिकअप आली तेव्हा नवीकोरी होती, जपानी बनावटीची. हार घातला, नारळ फोडला, आणि गिरणीच्या चढावर घेताना पुढून खर्रर्र आवाज झाला. बंपरच्या खाली एक आडवी काळी प्लॅस्टिकची फळी होती, ती जमिनीला घासत होती.

आमचा ड्रायव्हर दामू खालापुरापलीकडच्या खेड्यातला. तो वाकून म्हणाला, "अण्णा, हिला दाढी हाय!"

तेव्हापासून त्या फळीचं नाव दाढी.

तात्या तिथे होतेच. तात्या म्हणजे अण्णांचे मित्र, सरकारी खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी रस्ते बांधले म्हणून त्यांना गाड्यांतलंही कळतं, असा सगळ्यांचा समज. विशेषतः त्यांचा. "जपानात रस्ते आरशासारखे असतात," ते म्हणाले. "तिथे शोभेला लावतात असलं काहीबाही. काढून टाका."

मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. समोरची हवा बंपरखालून निसटू नये, रेडिएटरमधून जावी, म्हणून ही फळी. काढू नये, असं ठळक अक्षरात छापलेलं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

अण्णांनी शेवटचा बोल्ट फिरवत विचारलं, "हे पुस्तक लिहिणाऱ्याने कर्जत पाहिलंय?"

*

दाढी काढल्यावर झालं काय? काहीच नाही! तीच तर पंचाईत झाली.

बाजारात आणि खेड्यांच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी वीस-पंचवीसच्या वर जातच नाही. तेवढ्या वेगाला पंखा एकटा पुरतो, दाढी असो वा नसो. त्यामुळे पंधरा दिवस अण्णांची छाती फुगलेली. येईल त्याला बॉनेटवर थाप मारून सांगायचे, "जपान्यांची चूक आम्ही दुरुस्त केली."

एके दिवशी गावातले डॉक्टर आपली जुनी मोटार घेऊन आले. म्हणाले, "अण्णा, हिच्यातलं काही काढता येतं का बघा ना."

अण्णांनी बघितलंसुद्धा!

*

मग पनवेलच्या व्यापाऱ्याचं काम मिळालं. तांदूळ सकाळी आठच्या आत पोचवायचा. दामू चौक गावापर्यंत सावकाश जायचा आणि हायवेला लागला की साठ धरायचा. त्या वेगाला पंख्याचं काही चालत नाही, समोरची हवाच लागते, आणि ती तर बंपरखालून पसार! लोधिवली ओलांडते न ओलांडते तोच इंजिनच्या उष्णतेचा काटा लालमध्ये आणि बॉनेटमधून वाफ.

पुढे पुढे तो रोजचा थांबाच झाला. तिथली चहावाली मावशी एका हातात किटली, दुसऱ्या हातात बादली घेऊन उभी राहायची. "आदी कोनाला पाजू रं दामू? तुला का तिला?"

अण्णांनी रेडिएटरचं झाकण बदललं. मग लिंबू-मिरच्या बदलल्या. तात्यांनी पुढच्या जाळीवर ओलं गोणपाट बांधायला लावलं. "माठाला ओलं फडकं गुंडाळतात की नाही? तेच शास्त्र."

मी म्हटलं, "तात्या, उरलीसुरली हवा येते, तीही त्या गोणपाटाने अडेल."

त्या दिवशी गाडी लोधिवलीलासुद्धा पोचली नाही. तात्या म्हणाले, "गोणपाट फार घट्ट विणीचं निघालं."

*

शेवटी दोघांनी मिळून खरं कारण शोधून काढलं. दामूचा पाय जड!

"पुन्हा गाडी उकळली तर घरी बसायचं," अण्णांनी त्याला सगळ्या हमालांसमोर सांगितलं. आणि अण्णांनी ज्याला घरी बसवलं, त्याला कर्जतपासून खोपोलीपर्यंत कुणी गाडी देत नाही, हे दामूला माहीत होतं. मलाही होतं.

तो माझ्या टेबलापाशी आला. "ताई, ह्याच पायानं मी सात वरसं ट्रक हाकला. कदी उकळला नाय. आता पायच बदलला काय माझा?"

मी ठरवलं, दाढी शोधायची.

*

दाढी सापडली तात्यांच्या परसात. न्हाणीघराच्या मोरीतलं पाणी तिच्यावरून वळून थेट केळीच्या बुंध्याशी जात होतं.

"बघ, किती उपयोगी वस्तू," तात्या कौतुकाने म्हणाले. "ते लोक गाडीला लावून फुकट घालवतात."

"तात्या, मला ही दोन दिवस हवी आहे. इंजिन जळायला आलंय."

तात्या गंभीर झाले. "अगं, मग केळीचं काय?"

*

दामूने तारेने दाढी बांधली. मी वही आणि घड्याळ घेऊन शेजारी बसले. चौक ते पनवेल, तोच माल, तोच साठचा वेग. काटा अर्ध्याच्या खाली! लोधिवलीला मावशी सवयीने बादली घेऊन पुढे आली, तर आम्ही हात हलवून निघून गेलो. ती बादलीकडे बघत उभी.

"ताई, काटा झोपला गं!" दामू ओरडला. एवढा आनंद मला माझ्या रिझल्टला झाला नव्हता.

पनवेलला मी दाढी सोडायला लावली. परत येताना वेग तोच, गाडी रिकामी, तरी मावशीच्या दारात वाफ. या वेळी बादली कामाला आली.

संध्याकाळी मी सगळं स्वच्छ लिहून काढलं. एका बाजूला दाढीसकट, दुसऱ्या बाजूला दाढीशिवाय. मिनिटं, वेग, काट्याची जागा. अण्णांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला. माझ्या मनात आशा निर्माण झाली.

"अक्षर छान आहे गं तुझं," अण्णा म्हणाले. "पुढच्या स्थळाला दाखवू."

आणि तारेने बांधलेली दाढी बरी दिसत नाही, लोक काय म्हणतील, म्हणून ती पुन्हा केळीकडे गेली.

*

आठवडाभरात इंजिन जळालं. पनवेलच्या अलीकडे गाडी बंद पडली ती पडलीच. दोरीने ओढत आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात अण्णा खुर्चीवर, तात्या बाकावर आणि दामू दाराशी उभा. अण्णा मला म्हणाले, "वंदना, कागद लाव."

मी कागद लावला. अण्णा सांगू लागले, "मी, दामू, लिहून देतो की, वारंवार ताकीद देऊनही मी गाडी बेफाम चालवली व इंजिन जाळले. चूक माझी आहे. मी स्वखुशीने काम सोडत आहे."

'स्वखुशीने'पर्यंत माझी बोटं चालली. मग मी वर बघितलं. दामू खांद्यावरचा टॉवेल बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

"दामूदादा, काल वेग किती होता?"

"सत्तर, ताई."

"रोज साठ असतो ना? काल का वाढवला?"

दामूने चोरून अण्णांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "त्याला कोर्टासारखं काय विचारतेस? टाइप कर."

"बोला दामूदादा."

"अण्णा बाजूलाच बसले व्हते," दामू हळूच म्हणाला. "पनवेलला लग्नाला जायचं व्हतं त्यांना. बोलले, दाब रं, मुहूर्त टळंल. मी काटा दाखवला. तर बोलले, काट्याकडं नको बघू, रस्त्याकडं बघ."

अण्णांनी घसा खाकरला. "त्यातलं काही लिहायची गरज नाही. पुढचं घे."

मी टाइपरायटरमधून कागद ओढून काढला. "मग ह्यातलंही काही लिहायची गरज नाही. मी टाइप करणार नाही, अण्णा. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत, तर काल गाडीत कोण बसलं होतं, ते मी खाली माझ्या हाताने लिहीन. अक्षर छान आहे माझं. दामूदादा, तुम्ही कशावरही सही करायची नाही."

अण्णांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

ऑफिसाच्या मागेच आमचं स्वयंपाकघर. तिथून काकूंनी विचारलं, "चहा किती जणांचा टाकू?"

"चार," मी आत ओरडून सांगितलं. "दामूदादासकट."