मान माझी, मूठ मामाची

पंचक्रोशीतील तमाम मणकेधारी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खालील मजकूर वाचताना पाठ ताठ ठेवावी आणि आपली मान आपल्याच ताब्यात राहील याची दक्षता घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही.

तर मंडळी, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. भूत, भानामती, अंगारा... सगळ्यांना मी तोंडावर हसलोय. गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी बिरवाडीला खोली घेऊन राहत होतो, कारखान्यात कामाला. महाडच्या बाजारपेठेत माझ्या मामाचं टेलरिंगचं दुकान होतं.

त्या वर्षी मामाला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय सावरला, पण उजवा हात काही ऐकेना. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचत नाहीये; रबरी चेंडू दाबत राहा, धीर धरा. मामा कित्येक महिने दाबत होता आणि चेंडू ढिम्म होता. शिवायला माणूस ठेवता येतो, पण कापड कापायला गिऱ्हाइकांना मामाचाच हात लागायचा. कात्री उचलेना म्हटल्यावर मामीनं दुकान विकायचा विषय काढला, आणि मामाची अन्नावरची वासनाच उडाली.

अशात कुणीतरी पोलादपूरकडच्या धाकूबाबाचं नाव सांगितलं. कापडे गावाच्या पलीकडे एका वाडीत राहणारा हाडवैद्य. डॉक्टरांनी बजावलं होतं, मानेला कुणाला हात लावू देऊ नका. पण मामा हट्टाला पेटला. मीही सोबत निघालो... खरं सांगायचं तर बाबाला रंगेहाथ पकडायलाच!

आम्ही पोचलो तेव्हा बाबा आत जेवत होता. ओटा रोग्यांनी भरलेला, त्यांत एक म्हातारी त्याचे इतके गुण गात होती की ही घरातलीच असणार, अशी माझी खात्री पटली. तिथली रीत तिनंच सांगितली. दुखणं काय ते बाबाला सांगायचं नाही, त्याची बोटंच शोधून काढतात. रोगी त्याच्याकडे पाठ करून पाटावर बसतो, आणि रोग्यानं हिसका देऊ नये म्हणून घरचं माणूस समोर बसून त्याचे दोन्ही हात धरून ठेवतं.

दुखणं सांगायचं नाही! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मामाच्या कानाशी लागलो — पाटावर मी बसतो. मी ठणठणीत आहे हे बाबानं ओळखलं, तरच तू बस. मामा मुळातला वात्रट. तेवढ्या दुखण्यातही डोळे मिचकावत म्हणाला, "बस. तुझी मान मोडली तर मी आपला घरी जातो."

बाबा हात पुसत बाहेर आला. मी तोंड जरासं वाकडं केलं, उजवा खांदा पाडला. गणपतीतल्या नाटकांत मी उगाच कामं केली नव्हती! समोर मामा. त्याचा लुळा पंजा माझ्या डाव्या हातात पडून होता, गार, ओल्या फडक्यासारखा.

बाबानं माझ्या मणक्यांवरून अंगठे फिरवले आणि हुंकार दिला. "उजवा हात गेलाय. बोलू नुको. हलू नुको."

सापडला! आता उठावं आणि ओट्यावरच्या सगळ्यांसमोर याचं पितळ उघडं पाडावं, असं मनात येतंय तोच त्यानं माझी मान वळवली आणि... कट्!

आवाज माझ्या मानेतून आला की त्यानं स्वतःची बोटं मोडली, याचा मला आजही संशय आहे. पण त्याच क्षणी माझ्या हातातला तो गार पंजा मिटला. अशी पकड, की मला हात सोडवून घेता येईना.

पहिला संशय मामावरच. थट्टा करतोय झालं. पण त्याच्याकडे पाहिलं तर तो दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तसा स्वतःच्या मुठीकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

पुढे मामानं कात्री धरली. आधी अस्तराचं कापड, मग ब्लाउजपीस, दिवाळीपर्यंत शर्ट-पॅन्ट. मामीनं दुकानाचा विषय पुन्हा काढला नाही. डॉक्टर म्हणाले, सुधारणा होतच आली असेल, आवाजानं दचकून मूठ वळली असेल, चेंडूचंही श्रेय असेल. असेल बुवा. मग इतके महिने तो चेंडू काय करत होता? आणि नेमकी तीच वेळ कशी साधली? मला मात्र आठवडाभर एसटीच्या खिडकीतून बाहेर बघायला अख्खं अंग वळवावं लागत होतं.

मी मामावर संशय घेतला, म्हातारीवर घेतला, डॉक्टरांवरही घेतला. उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. बाबाकडे असेल म्हणाल, तर तेही नाही. कारण त्या दिवशी मामाची मूठ सुटल्यावर मी जेमतेम मागे वळलो आणि म्हटलं, बाबा, मला काही झालेलं नाही, रोगी हे समोरचे. बाबानं मामाच्या मुठीकडे पाहिलं. माझ्या मानेकडे पाहिलं. मग स्वतःचे दोन्ही अंगठे डोळ्यांजवळ नेऊन निरखले, आणि भरल्या ओट्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं —

"आँ? मंग मी दाबला कोनाला?"