शालिनीताई आणि बंद पडलेल्या घरभेटी

शालिनीताई दळवी यांची आणि माझी पहिली भेट नया बाज़ारातल्या आमच्या सासरच्या घरी, चैत्रातल्या हळदीकुंकवाला झाली. लग्न होऊन मी नाशिकहून ग्वाल्हेरला आले होते, त्याला जेमतेम वर्ष झालं असेल. आमच्या भिंतीला लागून एक कुटुंब राहत असे. त्या घरातला आवाज भिंतीतून येई. आधी भांडं आपटल्याचा, मग बाईचा. सासूबाई म्हणत, "त्यांच्या घरातलं आहे. आपण कशाला परेशान व्हायचं?"

त्या दिवशी नेमकी आंब्याची डाळ वाटत असताना तो आवाज आला. जमलेल्या बायका जरा मोठ्याने बोलू लागल्या. एक उंच, सडसडीत बाई मात्र हातातली वाटी खाली ठेवून उठल्या. सासूबाईंनी विचारलं, "कुठे निघालात?" त्या म्हणाल्या, "पाणी प्यायला."

त्यांनी शेजारचं दार वाजवलं. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. दार उघडणाऱ्या माणसाला त्या म्हणाल्या, "भैया, गर्मी बहुत है। एक गिलास पानी मिलेगा?" पाण्याला कोण नाही म्हणणार? ताई आत गेल्या, खाटेवर बसल्या, रडून डोळे सुजलेल्या त्या बाईला शेजारी बसवून घेतलं, तिच्या माहेरची चौकशी केली आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मारहाणीचा विषय त्यांनी काढलासुद्धा नाही. निघताना फक्त त्या माणसाकडे बघून म्हणाल्या, "अगले हफ़्ते फिर आऊँगी।" आणि खरोखरच गेल्या. मग जातच राहिल्या. भिंतीतला आवाज एकदम थांबला नाही, पण कमी होत गेला. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी ताई एक केंद्र चालवत; त्याच उन्हाळ्यात मी तिथे समुपदेशक म्हणून काम करू लागले.

दळवींचं घराणं जुन्या काळी मराठी फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आलेलं. ताई शहराच्या लश्कर भागातल्या मुलींच्या शाळेत शिकवत आणि त्यांचे यजमान बिर्ला नगरच्या गिरणीत कचेरीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा पुरुष घरी बसले, आणि त्यांच्या तावडीत घरातल्या बायका सापडल्या. ताईंच्या वर्गातल्या मुली आईचं सुजलेलं तोंड सांगू लागल्या. शाळा सुटल्यावर ताई त्या मुलींबरोबर त्यांच्या घरी जाऊ लागल्या. आमच्या केंद्राची सुरुवात ही एवढीच. पुढे नोकरी सोडून त्यांनी कामगारांच्या चाळींजवळ एक निवारागृह उभं केलं. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला लेकरांसकट तिथे राहता येई. पण ताईंचा जीव खरा गुंतला होता तो घरभेटींत. बाई घराबाहेर फेकली जाण्याआधी तिच्या घरी जाऊन बसायचं, पुन्हा जायचं, आणि कुणीतरी येणार आहे हे त्या घरातल्या पुरुषाच्या डोक्यात पक्कं करायचं, असं ते काम. दोन्ही कामं सरकारी अनुदानावर चालत.

ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त या ग्रंथासाठी मी लेख लिहिणार हे कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "मेधा, माझे सत्कार आणि शाली लिहू नको," त्या म्हणाल्या. "लिहिणार असशील तर सविताचं लिही." गौरवग्रंथात हे शोभेल का, असं मी विचारलं. "न शोभो," त्या म्हणाल्या. म्हणून पुढचं लिहिते आहे.

महिलांच्या सुरक्षेसाठी येणारा निधी जिल्ह्यात कुठे खर्च व्हावा हे एक समिती ठरवते. त्या समितीवर ताईंना अशासकीय सदस्य म्हणून घेतलं होतं. आम्हाला वाटलं, आता आपलं माणूस आत आहे. त्याच वर्षी केंद्राच्या वाट्याचं अनुदान जवळपास निम्म्यावर आलं. उरलेला पैसा चौकाचौकांत कॅमेरे बसवायला जाणार होता. समितीचे अध्यक्ष असलेले अधिकारी वाईट गृहस्थ नव्हते. ताईंना ते मानही देत. त्यांनी सरळच विचारलं, "मैडम, शेल्टर में रहनेवाली औरतें मैं ऊपर दिखा सकता हूँ। कैमरा भी दिखता है। लेकिन आपके जाने से जो मारपीट हुई ही नहीं, उसे मैं कैसे दिखाऊँ?"

ताई म्हणाल्या, "नहीं दिखा सकते। उसी काम का पैसा माँग रही हूँ।"

अध्यक्षांनी मान हलवली, पण पैसे वाढले नाहीत. जेवढे आहेत तेवढ्यात निवारागृह ठेवायचं की घरभेटी, हे ताईंनीच सांगावं असं ठरलं. निवारागृहात तेव्हा लहान लेकरं असलेल्या बायका होत्या, एक तर बाळंत होऊन आली होती. त्यांना रस्त्यावर काढणं शक्य नव्हतं. ताईंनी निवारागृह निवडलं आणि घरभेटी बंद करण्याच्या निर्णयावर सही केली. परत आल्यावर आम्हा सर्वांना बसवून त्यांनी हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. समितीने ठरवलं असं त्या म्हणाल्या नाहीत. "मी ठरवलं," असं म्हणाल्या.

घरभेटींचं काम राजकुमारी करत असे. ती बिर्ला नगरचीच, घराघरात ओळख असलेली. पगार थांबल्यावरही काही दिवस ती जात राहिली. पण तिलाही घर होतं. शेवटी तिने नया बाज़ारात कपड्याच्या दुकानात नोकरी धरली. मग ताई स्वतः निघाल्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले. सगळी घरं होणार नव्हती, म्हणून जिथे धोका जास्त वाटे ती त्यांनी घेतली आणि जिथे बरेच दिवस शांत होतं ती सोडली.

सविताचं घर शांत होतं. तिचा नवरा पूर्वी तिला पट्ट्याने मारत असे. राजकुमारी दर गुरुवारी तिच्याकडे जाऊ लागल्यापासून ते थांबलं होतं. सविता हसून म्हणायची, "दीदी, आपके डर से नहीं, मोहल्ले में बात फैलने के डर से रुका है।" आम्हीही हसायचो. ते घर शांत कशामुळे आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं, आणि तरी ते शांत आहे म्हणून ते यादीतून गळलं.

दिवाळीनंतर एका दुपारी राजकुमारी धावत केंद्रात आली. ती दारातच खाली बसली आणि म्हणाली, "सविता नहीं रही।" नवऱ्याने तिला मारून टाकलं होतं. त्यांची मुलगी त्या वेळी शाळेत होती, एवढीच काय ती दया.

ताई त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, सविताच्या आईकडे गेल्या. मी बरोबर होते. घर माणसांनी भरलेलं होतं. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ताईंना ओळखलं आणि विचारलं, "वो दीदी आती थी हर गुरुवार। आना क्यों बंद कर दिया?"

मला वाटलं, ताई आजचा दिवस काहीतरी सांत्वनाचं बोलतील. ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पैसा बंद हो गया था। और बंद करने के काग़ज़ पर मेरा भी दस्तख़त है।"

आई म्हणाल्या, "आप जाइए यहाँ से।"

ताई उठल्या, हात जोडले आणि बाहेर आल्या. परतताना आम्ही टेम्पोरिक्षा धरली. इंदरगंजला उतरल्यावर फुटपाथवर थांबल्या, माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, "बरोबर बोलल्या त्या."

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी ताईंना कचेरीत बोलावलं, मीही सोबत गेले. वर्तमानपत्रवाले प्रश्न विचारू लागले होते. अध्यक्ष थकलेले दिसत होते. त्यांनी चहा मागवला, दार लावून घेतलं आणि सुचवलं की सविता केंद्राच्या कामात कधी नव्हतीच असं ताईंनी कळवावं. घरगुती भांडण, कुणाला कल्पना नव्हती, विषय संपला. "आप पर भी आँच नहीं आएगी। अगले साल का पूरा अनुदान मैं ख़ुद करवा दूँगा। घर जाने का भी, शेल्टर का भी," ते म्हणाले. मला वाटतं ते मनापासूनच म्हणाले.

ताईंनी विचार करून सांगते म्हटलं. केंद्रात परत येऊन त्यांनी विश्वस्तांना बोलावलं. तिथे मोठा वाद झाला. एक विश्वस्त कळवळून म्हणाले, "ताई, गेलेली परत येत नाही. त्या एका ओळीने पुढच्या कितीतरी बायका वाचतील. तुम्ही स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी त्यांचा जीव पणाला लावताय." हा आरोप पोकळ नव्हता. ताईंनी तो पूर्ण ऐकून घेतला.

मग म्हणाल्या, "नवऱ्याने तिला जिवंत ठेवलं नाही. आता ती आपल्याकडे कधी आलीच नव्हती असं आपण म्हणायचं? आणि तसं म्हटलं, तर घरभेटी थांबवल्याने काही बिघडत नाही हेच सिद्ध झालं ना? पुढच्या वेळी पैसे कापायला तेच पुरेल."

समितीच्या पुढच्या बैठकीत ताईंनी उभं राहून सगळं सांगितलं. सविताकडे आम्ही जात होतो, मार थांबला होता, आम्ही जाणं थांबवलं, आणि ते थांबवण्याच्या निर्णयावर या टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या सह्या आहेत, त्यांत माझीही. अध्यक्ष समोरच्या कागदांकडे बघत राहिले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं झालं नाही. चौकशी होईपर्यंत म्हणून आमचं उरलंसुरलं अनुदानही थांबलं. लोकांकडून जमवून काही महिने काढले, मग निवारागृहाला कुलूप लागलं. तिथल्या बायकांची सोय दुसऱ्या शहरातल्या सरकारी गृहात झाली. त्यांना गाडीत बसवून द्यायला ताई स्टेशनवर आल्या होत्या. एक जण गाडीत चढलीच नाही. "मैं घर चली जाती हूँ, मैडम," असं म्हणून ती लेकराला घेऊन सासरी गेली. ताईंनी तिला अडवलं नाही. फक्त घराचा पत्ता नीट विचारून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दाराशी जाऊ लागल्या. ती बाई आज जिवंत आहे, केंद्रापासून दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करते. ताईंच्या त्या निर्णयाची किंमत अशा बायकांनीही मोजली हे ताई जाणतात. कुणी त्यांच्या धैर्याची स्तुती केली की त्या उठून आत जातात.

पुढे नवे अधिकारी आले. त्यांनी बैठकीतलं ताईंचं म्हणणं वाचलं होतं. घरभेटींसाठी वेगळी, निवारागृहाच्या वाट्याला हात न लावणारी तरतूद त्यांनी मंजूर केली. ती लहान आहे आणि दर वर्षी तिच्यासाठी भांडावं लागतं. राजकुमारी दुकान सोडून परत आली. निवारागृह उघडलं, पण पूर्वीपेक्षा कमी खाटांचं. सविताच्या नवऱ्यावरचा खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला ताई न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसतात.

त्यांच्या मायेचं एकच उदाहरण देते. सविताची मुलगी मुरारला आजीकडे राहते. बऱ्याच महिन्यांनी आजींनी राजकुमारीकरवी निरोप पाठवला की पोरगी गणितात नापास झाली आहे, आणि त्या मॅडम पूर्वी शाळेत शिकवत होत्या ना? तेव्हापासून दर रविवारी ताई टेम्पोने मुरारला जातात. आजी दार उघडतात, चटई टाकतात, पाण्याचा तांब्या आणून ठेवतात आणि आत निघून जातात. ताईंशी त्या अजून बोलत नाहीत. ताईंनीही कधी बोलायचा आग्रह धरला नाही. मुलगी आता अपूर्णांक करते. मध्ये एकदा तिने ताईंना विचारलं, "आप मेरी मम्मी को जानती थीं?" ताई म्हणाल्या, "हाँ। हँसती बहुत थी।" मग दोघींनी पुढचं गणित सोडवलं.

केंद्रात नव्याने आलेल्या मुली ताईंना घाबरतात. "ताई, मी आज लेट होऊन गेली," असं कुणी म्हटलं की आधी मराठीची कानउघाडणी होते, मग उशिराची, आणि नंतर डब्यातला लाडू पुढे येतो. कोर्टात, पोलीस चौकीत, बैठकीत तासन् तास वाट पाहताना त्या कधी चिडलेल्या मी पाहिल्या नाहीत. चिडतात त्या एकाच गोष्टीवर. कुणी म्हणालं, "आता त्या घरी सगळं ठीक आहे, जायची गरज नाही," तर मात्र त्यांचा आवाज चढतो.

ताई, या ग्रंथात सगळे तुमच्या कार्याचा गौरव करतील आणि तुम्ही मान खाली घालून बसाल, हे मला दिसतं आहे. मी तुमच्या वयाचा गौरव करते. आपल्या कामात बाईने म्हातारं होणं ही गोष्ट आपण कधी गृहीत धरली नाही. तुमचे पिकलेले केस, धरलेले गुडघे, नातवंडांना ओरडताना खरखरणारा आवाज, हे सगळं फार थोड्या जणींच्या वाट्याला येतं हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. शंभरी गाठा. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. जिने चढताना आमचा हात धरा. आणि ज्या ज्या दाराशी तुम्ही जाऊन बसता, त्या प्रत्येक घरातल्या बाईला तुमच्याएवढं म्हातारं होता यावं, हीच तुमच्यासाठी आमची प्रार्थना.