दाताची खाच

डॉक्टरांना माणसाचा चेहरा कधी लक्षात राहिला नाही. परभणीच्या बसस्टँडवर कुणी रामराम घातला की म्हणायचे, "हसा बरं जरा." तो बिचारा हसला की लगेच, "हां! खालची दाढ. झरीचे ना तुमी?" आणि दाढ झरीचीच निघायची. त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत मी कवळ्या बनवायचो. आपल्या हुन्नरावर असा जीव टाकणारं माणूस तुमच्याही ओळखीत एखादं असेलच.

"माणूस लबाड आसंल, दात न्हाई," हे त्यांचं पालुपद. दाढ उपटून घेणाऱ्यालाही ते ऐकूनच घरी जावं लागे.

येलदरी धरणाकडच्या एका खुनात मयताच्या दंडावर चाव्याचा वण सापडला. पोलिसांनी संशयावरून मासे धरणाऱ्या एका माणसाला दवाखान्यात आणलं. त्याच्या दातांचा प्लास्टरचा साचा मीच ओतला. वरच्या पुढच्या दाताला बारीक खाच होती, वणातही तशीच दिसत होती. कोर्टात डॉक्टर ठासून म्हणाले, "हेच दात. दुसऱ्या कुणाचे असूच शकत नाहीत." बाकी पुरावा नावालाच होता. त्याला जन्मठेप झाली आणि आम्ही दवाखान्यात पेढे खाल्ले. ते पेढे आठवले की मला आजही माझी लाज वाटते.

पुढं त्याच्याच वस्तीवर दंततपासणीचं शिबिर लागलं. पहिल्या म्हाताऱ्याच्या पुढच्या दाताला खाच. दुसऱ्याच्या दाताला खाच. तिसऱ्याच्याही. डॉक्टरांनी रांगेकडं बघितलं. "हे समद्यांलाच हाय का?"

"जाळं इणायचं म्हणल्यावर दोरा दातानंच तोडायचा की," म्हातारा म्हणाला. "कातर कोन शोधत बसतंय?"

रांगेत एक बाई होती. तिचं दुखत काहीच नव्हतं. "तुमी ज्याला आत घातलं, त्याची बायको मी," एवढं बोलून तिनं तोंड उघडलं. "माझा बी दात बगा, साहेब. मला बी न्या."

ते पालुपद त्या दिवशी संपलं. डॉक्टर वकिलाकडे गेले, पोलिसांकडे गेले, 'माझी चूक झाली' असं लिहून अर्जांवर अर्ज केले. "अपिलाचाही निकाल लागून गेला, आता काय उकरता?" हे ऐकून परत यायचे. एकदा मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "येलदरीला मासे खायला धा येळा गेलो रे मी. जाळं इणताना कुणाकडं बघितलंच न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर वारले. मी दवाखाना आवरत होतो, तर ती बाई दारात उभी.

"साहेबांच्या अर्जाचं काय झालं?"

साहेब गेले, म्हणून सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. "मंग आता कोन बोलनार?"

कवळ्या बनवणाऱ्याला कोर्टात कोण विचारतो? फळीवरचा तिच्या नवऱ्याच्या दातांचा तो साचा तेवढा काढून तिच्या हातात दिला. तिनं खाचेवरून हळूच बोट फिरवलं.

"ह्येच दात," ती म्हणाली.

मग साचा पदरात बांधून ती जिंतूरच्या गाडीला निघून गेली.