शेजारच्या खाटेची साक्ष

माशाचा काटा रुतून बाबांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. रत्नागिरीच्या त्या इस्पितळात औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारी एक तरुण मुलगी रोज यायची. पेनची टोपी दातांत धरून विचारायची, "औषधाचा काही त्रास?"

"काय नाय, बरा हाय," बाबा म्हणाले. डॉक्टरांच्या औषधाला नावं कशी ठेवायची!

तिने सरळ शेजारच्या खाटेवरच्या चाचांना विचारलं.

"खोटं बोलतात! सलाईन लागली की खाजवत बसतात."

तिने बाबांचा शर्ट वर केला, तर पाठभर गांधी उठलेल्या. औषध लगेच बदललं.

"इथे स्वतःचं कोणी सांगत नाही, शेजाऱ्याचं मात्र सगळं सांगतात," ती मला म्हणाली.

घरी निघताना बाबा म्हणाले, "आता खरंच बरा हाय."

ती हसून चाचांकडे वळली. त्यांनी मान डोलावली, तेव्हा कुठे तिने पेनला टोपी लावली.