मागचा पट्टा

मी गोदामात शिरले की तिथले वयस्कर हमाल, काका, हातातली पेटी खाली ठेवत, माझ्याकडे पाठ करून उभे राहत आणि दोन्ही हात वर करत. "ताई, मागचा पट्टा तेवढा लावून द्या ना जी."

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या त्या टाइल्सच्या गोदामात मी आमच्या कंपनीने हमालांसाठी बनवलेलं एक जाकीट तपासायला जायची. वाकून ओझं उचलताना कमरेवरचा ताण त्याच्या स्प्रिंगांनी कमी व्हावा, अशी आमच्या साहेबांची अपेक्षा. बाकीच्या हमालांनी ते पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. "मैडम, भट्टी है ये!" तुम्हीच सांगा, जयपूरच्या उन्हात त्यांचं काय चुकलं? काका मात्र ते घालून घाम पुसत हसायचे. "पाठ हलकी वाटते जी."

काका मूळचे अकोल्याकडचे. लहानपणी वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे इथे आले आणि इथेच राहिले. बायको गेल्यापासून खातीपुऱ्यातल्या एका खोलीत एकटेच असत. मराठी बोलायला त्यांना माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यामुळे कुठे दुखतं, एवढ्या प्रश्नाला ते मानेपासून घोट्यापर्यंत सविस्तर उत्तर देत, आणि शेवटी पुन्हा, "पण आता हलकी वाटते."

मी खूश होते. निदान एक माणूस तरी आमच्या बाजूचा! मग एकदा ते पेट्या उचलत असताना नीट पाहिलं, तर मांडीच्या पट्ट्यांना अडकवायचे स्प्रिंगचे हूक मोकळेच लोंबत होते. म्हणजे जाकिटाचा आधार काहीच नाही.

"काका, हूक लावतच नाही का तुम्ही?"

"लय टोचतात जी ते." काका ओशाळले. "पण तुम्ही मागून पट्टा ओढता, लय आवळला का म्हणून इचारता. घरी कोण इचारते?"

त्यांचं मत अहवालात धरता येणार नव्हतं. 'एकट्याने घालता येत नाही' हा दोष मात्र मी लिहिला. तो खराच होता.

त्यामुळे नवं जाकीट आलं, पुढून बंद होणारं. काकांनी ते झटक्यात घातलं, बकल लावलं आणि सवयीने माझ्याकडे पाठ करून हात वर केले.

"काका, याला मागे पट्टाच नाही."

"हो का जी?" ते म्हणाले, पण हात काही खाली येईनात. मी त्या सपाट पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "लय आवळला का, काका?"

"नाही जी," ते म्हणाले. "बरोबर हाय."