करंडा खाली ठेवला तेव्हा

फोन ठेवू नको सुमे. शहाणपण सांगून मोकळी झालीस, "मावशी, आकस धरू नको, सही करून टाक." भाची माझी आणि बोली त्यांची. आता पुरतं ऐक.

संक्रांतीचं हळदीकुंकू. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा म्हणजे वहिनी, त्यांच्या ओसरीवर. बाराजणी सतरंजीवर, त्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीतली मी एकटी. नव्या सुनेची चेष्टा चाललेली, "नाव घे की गं, मुकी हायस व्हय?" वहिनी एकेकीची हनुवटी धरून कुंकू टेकवत आल्या. माझ्यापाशी हात थांबला. करंडा फरशीवर ठेवला. बोटानं पुढं सरकवला.

"तुझं तू लाव."

हसणं बंद. सगळ्यांच्या माना वाणाच्या वाटीत. खोटं कशाला बोलू, दरसाल मी खाली वाकून माझं मीच लावून घ्यायची. ह्या खेपेला कंबर वाकली नाही. करंडा उचलून त्यांच्या हातात दिला.

"वहिनी, हातानं लावायचं तर लावा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

"केवढा आकस गं तुझ्या मनात," म्हणाल्या.

कोऱ्या कपाळानं घरी आले.

पुढच्या बैठकीत गटाची वही समोर आली. "सही कर, मिटलं." शाळा मी पाहिली ती झाडायला. पण पोराच्या पाटीवरनं अक्षरं उचलली होती, हे त्यांना कुठं ठाऊक. वाचलं. 'सदर सदस्याने आकसापोटी कार्यक्रमात अडथळा आणला. त्याबद्दल माफी मागितली.'

वहिनींना विचारलं, "आकस म्हंजी काय वं?"

"मनात वैर धरणं. अढी."

"मग अढी कुठं हुती? तुमच्या बोटात का माझ्या कपाळात?"

वहिनींनी पेन वहीवर ठेवलं.

तवा उमगलं बघ. त्यांनी केली की रीत. आपण नको म्हटलं की आकस. शब्दसुद्धा खाली ठेवून सरकवतात आपल्याकडं.

आणि आकस नाही का माझ्यात? आहे. भाकरी थापताना हात लय जोरात पडतो आजकाल. बसवत नाही एका जागी. पण तो माझ्या घरात उगवला नाही. त्यांच्या फरशीवरनं उचलून आणलाय.

वहीत खाली लिहिलं, 'कुंकू हातानं लावलं नाही, म्हणून मी घेतलं नाही. माफी मागितलेली नाही.' त्याच्याखाली केली सही. आता मला गटातनं काढायचं चाललंय. काढू देत. पान फाडलं तर दुसऱ्या पानावर लिहीन.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या दारात. विधवांना बोलावणार, वहिनींनापण आवतण देणार. हनुवटी धरून माझ्याच बोटानं लावणार. चालंल तिनं यावं. करंडा काही मी खाली ठेवणार नाही.

तू मात्र संक्रांतीची वाट बघू नको. पाटणची सकाळची एसटी धर आणि लवकर ये. येताना ती 'सही कर' म्हणणारी जीभ तेवढी तिकडंच ठेवून ये.